ऑपरेशनचं बिल भरलं गेलं, पुढचं कोण भरणार?

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी माझी वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवण्याची) झाली. कंपनीच्या गट विम्यातून ऑपरेशनचा सगळा खर्च मिळाला. वजन ११२ किलोवरून ८३ वर आलं, मधुमेहाची गोळी बंद झाली. पण सहा महिन्यांनंतरच्या रक्ततपासण्यांचं बिल 'लठ्ठपणावरील उपचार वगळलेले आहेत' असं सांगून परत आलं. केस पुंजक्यांनी गळताहेत. हल्ली भूकही लागायला लागली आहे, दोन घास जास्त जातात. घरचे म्हणतात, आता छान दिसतेस, त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या किती दिवस खाणार? दोन महिन्यांत नोकरी बदलते आहे. नव्या विम्याच्या फॉर्मवर ऑपरेशनचं लिहू नकोस असं यांचं म्हणणं. पोटाची कातडी लोंबते, त्याचं ऑपरेशन विम्यात बसेल का? आणि धाकटी बहीणही आता हेच ऑपरेशन करायचं म्हणते आहे, तिला काय सांगू? (वय ४१, नाव छापू नये)

उत्तर :

ताई, आधी ते परत आलेलं बिल घेऊ, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांत मुदत फक्त त्यालाच आहे.

नकार फोनवर किंवा नुसत्या मेसेजवर आला असेल तर आधी तो लेखी मागवा. पॉलिसीचं नेमकं कोणतं कलम लावलं, ते त्या पत्रात असायला हवं. मी रुग्णालयाच्या विमा कक्षात बरीच वर्षं काढली आहेत. तिथला अनुभव असा की दावा तपासणारा माणूस तुमची प्रकृती पाहत नाही, समोरचा कागद पाहतो. कागदावर निदानाच्या रकान्यात 'लठ्ठपणा' असं लिहिलेलं असेल, तर लठ्ठपणा वगळणारं कलम लावून तो मोकळा होतो. आंतरराष्ट्रीय रोगसूचीत लठ्ठपणाचा संकेतांक ई-६६ आहे. तपासणीची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांच्या मदतनिसाने सवयीने तोच टाकला असण्याची शक्यता दाट आहे.

खरं म्हणजे सातव्या महिन्यातल्या तपासण्या लठ्ठपणासाठी नसतातच. जठराचा मोठा भाग काढून टाकल्यावर लोह, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम हे सगळं पुरेसं शोषलं जातंय का, हे पाहण्यासाठी त्या असतात. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसंच लिहून घ्या : जठराच्या शस्त्रक्रियेनंतरची स्थिती, पोषक घटकांच्या कमतरतेची तपासणी. अहवालात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) कमी आलं असेल, तर लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया हे स्वतंत्र निदान होतं, त्याचा संकेतांक डी-५०. जे नाही ते लिहवून घेऊ नका, मी तसं सुचवत नाहीये. जे आहे ते पूर्ण लिहिलं गेलेलं नाही, एवढंच.

मात्र नकाराचं कारण वेगळंही असू शकतं. पुष्कळ पॉलिसी रुग्णालयातून सोडल्यावर ठरावीक दिवसांपर्यंतचाच खर्च देतात, आणि बाह्यरुग्ण तपासण्या मुळातच देत नाहीत. तुमच्या बाबतीत तसं कलम असेल तर भांडण्यात वेळ घालवू नका, ते जिंकता येत नाही. पण ज्या विम्याने ऑपरेशन स्वतः मंजूर केलं, त्यानेच त्याच्या पाठोपाठच्या तपासण्यांना 'लठ्ठपणा' म्हणावं, हे मात्र मी सोडलं नसतं. अपील करा. सोबत डिस्चार्ज कार्ड, मूळ मंजुरीचं पत्र आणि सर्जनचं एक पानी पत्र जोडा. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात दर काही महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी रक्त तपासावं, ही जगभरच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनांची शिफारस आहे. हे वाक्य त्या पत्रात असावं. अपिलाची मुदत नकाराच्या पत्रातच दिलेली असते. कंपनीने पुन्हा नाही म्हटलं तर विमा लोकपाल किंवा तुमच्याकडे जी स्वतंत्र तक्रार यंत्रणा असेल ती. तिथे बहुतेक वेळा कंपनीचा अंतिम लेखी नकार लागतो, म्हणून तोही जपून ठेवा.

आता नव्या फॉर्मबद्दल. तुमच्या यजमानांचा सल्ला प्रेमापोटी असेल, पण तो ऐकू नका. फॉर्ममध्ये आधीच्या शस्त्रक्रियांबद्दल विचारलं असेल तर लिहायचं, पूर्ण लिहायचं. विम्याचा करार अर्जदाराने खरं सांगितलं या गृहीतकावर उभा असतो. महत्त्वाची गोष्ट लपवल्याचं उघड झालं तर कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते, किंवा वेगळ्याच आजाराचा मोठा दावा फेटाळायला तिला आयतं कारण मिळतं. आणि हे लपतही नाही हो. पोटावर दुर्बिणीच्या ऑपरेशनचे व्रण आहेत, जुन्या विमा कंपनीकडे दावा नोंदलेला आहे, उद्या कुठल्याही कारणाने एंडोस्कोपी झाली तर अहवालाच्या पहिल्याच ओळीत स्लीव्ह येईल. एका ओळीच्या भीतीपोटी दहा वर्षांचे हप्ते धोक्यात घालणं मला पटत नाही.

कसं लिहायचं तेही सांगते. शस्त्रक्रियेचं नाव, महिना आणि वर्ष, तेव्हाचं वजन, आजचं वजन, गुंतागुंत झाली नसेल तर तसं. मधुमेहाबद्दल 'बरा झाला' असं लिहू नका. गोळीशिवाय साखर आटोक्यात आहे, असं तुमचे डॉक्टर ज्या शब्दांत लिहितील तेच शब्द वापरा. वजन परत वाढलं तर साखरही परत येऊ शकते. तेव्हा 'बरा झाला' हे वाक्य तुमच्याच विरोधात वाचलं जाईल.

आणखी एक गोष्ट, जी नोकरी बदलताना हमखास राहून जाते. जुना विमा संपणं आणि नवा सुरू होणं यांत एक दिवसाचीही फट पडू देऊ नका. सलग विमा होता याचं पत्र जुन्या कंपनीकडून आत्ताच मागवा, राजीनाम्यानंतर त्यासाठी खेटे घालावे लागतात. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ अनेक ठिकाणी या पत्राच्या आधारे कमी होतो. नव्या मालकाचा विमा गटाचा असेल तर वैयक्तिक प्रश्न कमी विचारतात, काही वेळा विचारतच नाहीत. न विचारलेल्याचं उत्तर द्यायचं बंधन तिथे सहसा नसतं, पण विचारलं की खरं.

नवी पॉलिसी हातात आली की बहुतेक जण एवढंच बघतात की वजनाचं ऑपरेशन यात आहे का. तुमचं ते होऊन गेलंय! तुम्ही पुढचं विचारा. ऑपरेशनमधून उद्भवणाऱ्या गुंतागुंतीचा खर्च मिळतो का? ऑपरेशन वगळणाऱ्या काही पॉलिसी त्याच कलमात त्याचे परिणामही वगळतात, आणि ही अर्धी ओळ वाचायची राहते. स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्त इतकं वाढतं की दुसरं ऑपरेशन करून बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा : जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात) करावा लागतो. ते 'दुरुस्ती' म्हणून मंजूर होतं की 'आयुष्यात एकदाच' म्हणून नाकारलं जातं? वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होणं नेहमीचं आहे. ते ऑपरेशन वेगळा आजार धरणार ना? बी-१२ची इंजेक्शनं, लोहाचं सलाईन यांचं काय? सगळं ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी येतं.

इथून पुढे घरच्यांच्या प्रश्नाकडे वळते. किती दिवस? आयुष्यभर. हे डॉक्टरांनी सांगितलं असणारच, पण घरात कुणाला ते खरं वाटत नाही, कारण तुम्ही ठणठणीत दिसता. नेमका धोका तिथेच आहे. बी-१२चा साठा यकृतात असतो आणि तो संपायला काही वेळा वर्षं लागतात. तोवर गोळी सोडलेल्या माणसाला काहीच होत नाही. मग पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि मज्जातंतूंना झालेली इजा पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. अन्नातलं बी-१२ मोकळं करणारं आम्ल आणि ते आतड्यात शोषलं जाण्यासाठी लागणारं प्रथिन, दोन्ही जठरातच तयार होतात. त्यामुळे चांगलं जेवते म्हणून गोळी नको, हा हिशेब तुमच्या पोटात आता चालत नाही.

सर्वसाधारण शिफारशी अशा आहेत : तोंडाने घ्यायचं बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम अन्नातून आणि गोळीतून मिळून, पाळी येणाऱ्या बाईला लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व ३००० युनिटपासून आणि पुढे रक्तातली पातळी पाहून, शिवाय एक भरगच्च मल्टिव्हिटॅमिन. तुमचं प्रमाण तुमच्या अहवालांवर ठरेल आणि ते डॉक्टरच ठरवतील. पण दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात म्हणून सांगते. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं घ्या. स्वस्त कार्बोनेटला आम्ल लागतं, ते तुमच्याकडे कमी आहे, आणि पित्ताची गोळी चालू असेल तर आणखी कमी. दुसरं, कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास जाऊ द्या. एकत्र घेतलं की कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियमही एका दमात ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, विभागून घ्या. सकाळी लोह, दुपारी आणि रात्री कॅल्शियम, असा काहीतरी क्रम लावून डबीवर लिहून ठेवा.

या गोळ्या बहुतेक विमे देत नाहीत. त्या घरखर्चातच धराव्या लागतील, दर महिन्याच्या. आता छान दिसतेस म्हणणाऱ्यांना हे एकदा बसवून सांगा.

एक धोक्याची खूण मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. काही कारणाने दोन-तीन दिवस सतत उलट्या झाल्या, पोटात काही टिकत नसेल, तर वाट पाहू नका. बी-१ म्हणजे थायमिनचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. तो संपला की एकाचे दोन दिसणं, अडखळत चालणं, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं येतात आणि ती मेंदूची आणीबाणी असते. दवाखान्यात ड्यूटीवरचा डॉक्टर नवा असेल, तर 'माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन द्यायचंय का बघा' हे वाक्य तुम्हाला किंवा सोबतच्या माणसाला पाठ हवं.

भुकेने घाबरू नका. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतं, तोच भाग काढल्यामुळे पहिले काही महिने भूक हरवते. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात बऱ्याच जणांना ती थोडी परत जाणवते, जठरातही थोडं जास्त मावू लागतं. काही बिघडलेलं नाही. पण फुकटचे दिवस संपत आले, असं समजा. पहिल्या सहा महिन्यांत ऑपरेशनने तुमच्या वतीने काम केलं, आता सवयींवर भार येणार.

त्यातली सगळ्यात मोलाची सवय म्हणजे ताटातलं प्रथिन आधी. अंडं, मासा, कडधान्य, दही, पनीर, तुम्ही जे खात असाल ते आधी संपवा, मग भाजी, मग जागा उरली तर पिष्ट पदार्थ. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिन हे तळाचं माप आहे. अंदाजाने ते कधीच भरत नाही, म्हणून एक आठवडा मोजून पाहा. बहुतेकींना आकडा पाहून धक्का बसतो. जेवताना पाणी नको आणि त्यानंतरही अर्धा तास नको, पण दिवसभरात दीड लिटरच्या आसपास घोट घोट पोटात गेलं पाहिजे. घास लहान, चावणं सावकाश, जेवण वीस-तीस मिनिटांत. फोन बघत जेवलात की 'पुरे' ही सूचना ऐकूच येत नाही.

वजन परत वाढतं ते एका मोठ्या जेवणाने नव्हे. तेवढं जेवण आता जातच नाही. ते वाढतं येताजाता तोंडात टाकण्याने. बिस्किट, वेफर्स, आइस्क्रीम, गोड पेय, हे सगळं त्या अरुंद नळीतून सहज घसरत जातं आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. त्यामुळे 'दोन घास जास्त' कशाचे, हा तुम्हीच स्वतःला विचारायचा प्रश्न आहे. डाळीचे किंवा अंड्याचे असतील तर खुशाल. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी वजन करा. रोज केलंत तर मनःस्ताप, महिनाभर केलंच नाहीत तर आंधळेपणा. चालणं आठवड्याला १५० मिनिटांपासून सुरू करून ३०० पर्यंत न्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतात.

अंगदुखी, डोकेदुखीसाठी मनाने इबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. बायपास झालेल्यांना तर अल्सरच्या भीतीने त्या बहुतेक कायमच्या बंद असतात, स्लीव्हमध्येही सर्जनना विचारल्याशिवाय नको. तंबाखू, सिगारेट अर्थातच नाही. आणि मधुमेहाची गोळी बंद झाली तरी दर काही महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) बघायचं थांबवू नका.

केसांचं थोडक्यात. ऑपरेशनचा ताण आणि झपाट्याने घटलेलं वजन यांमुळे तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास केस गळायला लागतात, मुळं मात्र शाबूत असतात, आणि पुढच्या काही महिन्यांत ते बहुतेक वेळा परत येतात. महागडी तेलं आणू नका. प्रथिन आणि फेरिटिन बघा. वर्ष उलटूनही गळती थांबली नाही, तर त्यामागे लोह, झिंक किंवा थायरॉइड असू शकतो, मग तपासायलाच हवं.

कातडीबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. केवळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया जवळजवळ सगळे विमे वगळतात, आणि दंडाच्या लोंबत्या कातडीची बहुधा त्यातच मोजतील. पोटाची लोंबती घडी मात्र काही पॉलिसी वेगळी मानतात, जर घडीखाली वारंवार पुरळ, बुरशी, जखमा होत असतील, औषधं लावूनही काही महिने त्या बऱ्या होत नसतील, आणि वजन किमान सहा महिने स्थिर असेल. तुमचं वजन अजून उतरतंय, म्हणजे आज अर्ज करण्यात अर्थ नाही. पण पुरावा आजपासून तयार होतो. पुरळ आली की घरीच पावडर लावून गप्प बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, तारखेसह फोटो काढा, प्रिस्क्रिप्शनं एका फाइलीत ठेवा. दीड वर्षाने हीच फाइल तुमच्या बाजूने बोलेल. कागद नसेल तर तुमचा त्रास कितीही खरा असला तरी तो दाव्यात दिसत नाही.

आता बहीण. तिची पात्रता आधी बघा. वजन किलोत, उंची मीटरमध्ये, वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं, हा बीएमआय. १९९१ सालच्या अमेरिकी शिफारशीनुसार तो ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा आजार, अशी अट होती. २०२२मध्ये दोन मोठ्या शल्यचिकित्सक संघटनांनी ती सैल केली : ३५च्या वर आजार नसला तरी, चयापचयाचा आजार असेल तर ३०पासूनही, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५पासून. पण विमा कंपन्यांच्या नियमावल्या डॉक्टरांच्या मागून चालतात. अनेक ठिकाणी अजून जुनाच आकडा लागतो. त्यामुळे डॉक्टर म्हणाले पात्र आहेस, म्हणजे विमा देईल असं तिने धरू नये. काही कंपन्या देखरेखीखाली काही महिने आहार-व्यायाम केल्याची नोंदही मागतात, मानसोपचार तज्ज्ञांचा अहवाल मागतात. नोंद म्हणजे दर भेटीला वजन, तारीख, सही. एक महिना चुकला की काही ठिकाणी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबावं लागतं, आणि बायपास केला तर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, हेही तिने डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

आणि दाखल होण्याची तारीख तिने पूर्वमंजुरीचं पत्र हातात आल्यावरच ठरवावी. 'होईल मंजूर, तुम्ही या' असं रुग्णालयाच्या काउंटरवर कुणी म्हणालं तरी.